वजनकाट्यापासून वर्तन-निरीक्षणापर्यंत : ग्रामीण महाराष्ट्रातील स्वमग्नतेच्या शीघ्र तपासणीचा इतिहास (विशेष संदर्भ : माढा तालुका)

प्रस्तावना :
बालकाचे वजन मोजण्याची व्यवस्था गेल्या पन्नास वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात गावोगाव पोहोचली. बालक हाकेला वळून पाहते का, हवी ती वस्तू बोटाने दाखविते का, हे पाहण्याची व्यवस्था मात्र फार उशिरा आकारास आली. प्रस्तुत लेखात या विलंबाचा ऐतिहासिक मागोवा घेतला असून, सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यासारख्या ऊसपट्ट्यातील वंचित कुटुंबांच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

संकल्पनेचा उदय :
१९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी अमेरिकेत अकरा बालकांच्या निरीक्षणावरून ऑटिझम ही बालपणातील स्वतंत्र अवस्था म्हणून मांडली. पुढे बराच काळ आईच्या मायेचा अभाव हेच तिचे कारण मानले गेले. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी या मतास आव्हान देऊन मेंदूच्या जडणघडणीकडे लक्ष वेधले. मराठीत या अवस्थेस 'स्वमग्नता' हा शब्द रूढ झाला. मात्र 'मग्न' या पदामुळे बालक स्वेच्छेने अलिप्त राहते असा समज होण्याचा संभव आहे.

अंगणवाडी आणि तिची दृष्टी :
ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे केलेल्या प्रयोगांतून अंगणवाडीची कल्पना विकसित झाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. कुपोषण हा तत्कालीन ज्वलंत प्रश्न असल्याने पूरक आहार, लसीकरण व वजनवाढ यांवर योजनेचा भर राहिला, आणि तो योग्यच होता. परंतु वजन भरलेले व वरकरणी निरोगी दिसणारे बालक या नोंदींत 'सर्वसाधारण' ठरे.

कायदा व गणना :
१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिचा नामोल्लेख केला, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत तिला स्थान दिले. २०११ च्या जनगणनेत मात्र तिच्यासाठी स्वतंत्र रकाना नव्हता. ज्याची गणना नाही त्याची तरतूदही अपुरी राहते.

तपासणीचा विस्तार :
फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. फिरत्या पथकाने अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी करावी व संशयित बालकास जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी त्याची रचना आहे. तपासावयाच्या तीस आजार व दोषांत स्वमग्नतेचाही अंतर्भाव आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी स्वतंत्र अंगणवाडी कार्यपद्धती जाहीर झाली.

माढा तालुक्याचा संदर्भ :
१९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणानंतर या परिसरात उसाचे क्षेत्र वाढले व साखर कारखानदारी विस्तारली. गळीत हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कुटुंबे लहान मुलांसह येथे येतात. दोन तपासण्यांमधील काळात असे बालक दोन जिल्ह्यांत राहिलेले असते. मूळ गावी ते गैरहजर, तर फडावरील कोपीत ते कोणत्याच नोंदवहीत नाही. एखाद्या पथकाने शंका नोंदविली, तरी पुढील तपासणीपूर्वी हंगाम संपून कुटुंब परतते.

येथे वयाचा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. पालकांना विचारावयाच्या वीस प्रश्नांची, जगभर वापरली जाणारी एम-चॅट चाचणी १६ ते ३० महिन्यांच्या बालकांसाठी आहे. २०१८ पासूनच्या गृहभेटींच्या कार्यक्रमात आशा स्वयंसेविकेची शेवटची नियोजित भेट पंधराव्या महिन्यात असते. अंगणवाडीतील पूर्वप्राथमिक शिक्षण तिसऱ्या वर्षी सुरू होते. म्हणजे ज्या काळात लक्षणे ओळखता येतात, नेमक्या त्याच काळात नियमित निरीक्षण विरळ होते.

निष्कर्ष :
या मधल्या काळात एक संधी मात्र निश्चित आहे. १६ ते २४ महिन्यांदरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस व त्रिगुणी लसीचा बूस्टर दिला जातो. त्याच वेळी आरोग्यसेविकेने पालकांना हे प्रश्न बोलीभाषेत विचारावेत, उत्तरे माता-बाल संरक्षण कार्डावर नोंदवावीत आणि ते कार्ड कुटुंबासोबत जावे. चाचणी म्हणजे निदान नव्हे; म्हणून संशयित बालकाची पुढील तपासणी हंगामाच्या ठिकाणीच होणे आवश्यक आहे. वजनकाटा गावोगाव पोहोचविणाऱ्या व्यवस्थेस हे अशक्य नाही. त्यासाठी बालकाचा पत्ता बदलला तरी त्याची जबाबदारी संपत नाही, हे तत्त्व प्रथम स्वीकारावे लागेल.