श्रमाचा ग्रंथ आणि कलेचे दालन

१८९५ साली सुरू झालेल्या व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनाची सूत्रे २०१५ साली ओक्वी एनवेझोर यांच्याकडे आली. आफ्रिकेत जन्मलेल्या माणसाला हा मान प्रथमच मिळत होता. त्यांनी मध्यवर्ती दालनात रंगमंच उभारला आणि त्यावर मार्क्सचे ‘कॅपिटल’ महिनोन्‌महिने मोठ्याने वाचविले. जोडीला जेसन मोरान यांच्या कार्यक्रमात श्रमगीते होती.

जेथे जगातील धनिक चित्रे हेरावयास येतात, तेथे कामाच्या तासांची चर्चा! विसंगती उघड होती. तरीही मोठ्याने वाचण्याचे मोल आम्हां कामगारांना ठाऊक आहे. अक्षरओळख नसलेल्यांपर्यंत हक्काचे कायदे असेच पोहोचले. मात्र नुसत्या श्रवणाने मजुरी वाढत नाही.

त्याच मे महिन्यात काही कलावंतांनी व्हेनिसच्या पेगी गुगेनहाइम संग्रहालयात ठाण मांडले. अबू धाबीच्या सादियात बेटावर गुगेनहाइमचे नवे संग्रहालय व्हावयाचे होते. त्या बेटावरील बांधकामांवर राबणाऱ्या भारतीय, नेपाळी, बांगलादेशी मजुरांची कर्जे, त्यांचे वेतन आणि संघटनेचा हक्क यांसाठी तो लढा होता.

ग्रंथातला मजूर आज कोण, हे त्यांनी दाखविले. कलेकडून आम्ही याहून अधिक मागत नाही, कमीही नाही.