प्लगच्या विहिरीतलं तेल

स्पार्क प्लगला तेल लागलं म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या, आता इंजिन उतरवा, हा समज जुन्या रचनेतून आला आणि तिथे तो रास्तही होता. पूर्वी कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनी गाडीचे प्लग बाजूला, उघड्यावर असत. त्यांच्या टोकाशी तेल आलं तर ते बहुधा सिलिंडरमधलंच. पण 1951 च्या क्रायस्लर व्ही-8 मध्ये प्लग दोन व्हॉल्व्हच्या मध्ये गेला आणि तेल उडणाऱ्या व्हॉल्व्ह कव्हरमधून नळीवाटे खाली उतरला. नळीभोवती सील आलं. सील उष्णतेनं कडक झालं की तेल नळीच्या पोकळीत, म्हणजे प्लगच्या विहिरीत, झिरपतं. पुढे दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनांनी ही विहीर साध्या गाड्यांतही आणली, जुना निष्कर्ष मात्र टिकून राहिला.

प्लगचं वरचं पोर्सिलेन ओलं, टोक कोरडं, तर दोष नळीच्या सीलचा. टोकच तेलकट असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील तपासावेत. दोन्ही बिघाड एकत्र असू शकतात, हा आक्षेप खरा आहे, आणि त्यासाठीच कॉम्प्रेशन मोजायचं. मात्र प्लग काढण्याआधी विहीर कोरडी करायलाच हवी, नाहीतर वरचं तेल सिलिंडरमध्ये उतरतं आणि पुरावाच बिघडतो.