सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय, कणेरी

कोल्हापूर जिल्ह्याच्या करवीर तालुक्यातील कणेरी येथे, सिद्धगिरी मठाच्या आवारात उभारलेले खुले शिल्पसंग्रहालय. कोल्हापूरपासून सुमारे 12 किमी.; पुणे–बंगळूर महामार्गावरून गोकुळ शिरगावजवळ आत वळावे लागते. मठ काडसिद्धेश्वर परंपरेचा असून संग्रहालयाची कल्पना मठाधिपती अदृश्य काडसिद्धेश्वर स्वामी यांची. सुमारे 7 एकरांत 80 देखावे आणि 300 शिल्पे आहेत. सुरुवातीला प्राचीन ऋषी व विद्वानांचे देखावे लागतात. पुढे गाव सुरू होते.

येथील घरे व कामाच्या जागा जुन्या नाहीत, जुन्या वळणावर नव्याने बांधलेल्या आहेत. तरीही त्यांचे मोल कमी नाही. कायद्याचे संरक्षण मिळते ते बहुधा देवळांना, लेण्यांना, किल्ल्यांना. लोहाराचे छप्पर, कुंभाराचा आवा, मातीच्या भिंतींचे कुणब्याचे घर यांना ते मिळत नाही. म्हणूनच ती सिमेंट-पत्र्याखाली मुकाट्याने नाहीशी झाली. कणेरीला त्यांची ठेवण निदान डोळ्यांनी पाहता येते.

संग्रहालयाचा गाभा बारा बलुतेदारांचा. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, गुरव, महार, मांग अशी ही मंडळी. मात्र बाराची यादी गावोगाव थोडी बदले. सुताराने नांगर, कुळव, कुरी करून द्यायची, लोहाराने भात्यासमोर बसून फाळ शेवटून, म्हणजे त्याच्या बोथट टोकाला पुन्हा धार आणून, द्यायचा, आणि मोबदला रोख नव्हे तर सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने घ्यायचा, अशी ही रीत. मळणी होऊन रास पडली की बलुतेदार खळ्यावर येत. पाऊस हुकला की शेतकऱ्याबरोबर लोहार-सुताराचेही वर्ष कोरडे जाई.

शिल्पांत हातांचे कसब उत्तम दिसते. वतनाची, म्हणजे पिढीजात गावकामाची, सक्ती मात्र शिल्पात मावणारी नाही. महारांची चाकरी रात्रंदिवसाची, पिढीजात आणि नाकारता न येणारी होती. खुद्द कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्ये महार वतने रद्द केली, त्याच साली कुलकर्णी वतनेही काढून पगारी तलाठी नेमले. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनांविषयी विधेयक मांडले. मुंबई राज्यात कनिष्ठ ग्रामवतने संपवणारा कायदा झाला तो 1958 मध्ये. ज्या भूमीत ही व्यवस्था मोडण्याचा निर्णय इतक्या लवकर झाला, तिथेच तिचे इतके तपशीलवार चित्र उभे आहे, ही गोष्ट पाहणाऱ्याच्या मनात असलीच पाहिजे.

मुलांना घेऊन कणेरीला जरूर जावे, आणि जाण्यापूर्वी त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (1915) वाचावा. गाव दिसायचे कसे ते संग्रहालयात कळते. चालायचे कसे ते या पुस्तकात.