आईचा देश आणि मुलांचा पासपोर्ट

पासपोर्ट म्हणजे एक लहानशी पुस्तिका. परंतु मूल कोणत्या देशाचें, या प्रश्नाचें उत्तर तींत स्पष्ट द्यावें लागतें. आईबाप एकाच देशाचे असले म्हणजे तें उत्तर सोपें असतें. दोघे दोन देशांचे असले म्हणजे अनेक देशांचे कायदे पूर्वीं केवळ बापाकडे पाहून निकाल देत.

दक्षिण आफ्रिकाखंडांतील बोट्स्वाना या देशांत १९८४ सालीं झालेला नागरिकत्वाचा कायदा याच वळणाचा होता. विवाहित दांपत्याच्या अपत्याला बापाचें नागरिकत्व मिळे. आईचें मिळे तें केवळ विवाहबाह्य संततीला. त्याच वर्षीं युनिटी डाऊ या वकील बाईंनीं एका अमेरिकन गृहस्थाशीं विवाह केला. परिणाम असा झाला कीं, विवाहापूर्वीं १९७९ सालीं जन्मलेलें त्यांचें अपत्य बोट्स्वानाचें नागरिक ठरलें, आणि १९८५ व १९८७ सालीं झालेलीं धाकटीं दोन मुलें परकीं ठरलीं. त्यांना देशांत राहावयाचें तें बापाच्या रहिवासाच्या परवान्यावर, व प्रवास करावयाचा तो बापाच्या पासपोर्टावर. बाप बरोबर नसेल, तर केवळ आईचा हात धरून घरीं परत येण्याचा त्यांना हक्क नाहीं, अशी बाईंची तक्रार होती.

डाऊबाईंनीं न्यायालयाकडे धांव घेतली. सरकारचें म्हणणें असें कीं, घटनेच्या १५ व्या कलमांत निषिद्ध भेदांची जी यादी आहे तींत स्त्रीपुरुषभेदाचा उल्लेख नाहीं. आणि समाजाची पितृप्रधान रीत ध्यानांत घेऊन तो जाणूनबुजूनच गाळलेला आहे. न्यायालयानें ३ ऱ्या कलमाकडे पाहिलें. तेथें मूलभूत हक्क प्रत्येक व्यक्तीला, मग ती स्त्री असो वा पुरुष, दिलेले होते. मूळ कलमानें जें दिलें तें पुढील यादींतील मौनानें हिरावून घेतां येत नाहीं, असा १९९१ सालच्या निर्णयाचा मथितार्थ होता. १९९२ सालीं अपील न्यायालयांतील पांचांपैकीं तीन न्यायाधीशांनीं तो उचलून धरला, व १९९५ सालीं कायदा बदलला.

हा प्रश्न भारतालाहि परका नव्हता. १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्याप्रमाणें परदेशांत जन्मलेल्या मुलाला वंशाच्या नात्यानें मिळणारें नागरिकत्व बापाकडूनच येई. पुण्यामुंबईची मुलगी परकीय पतीबरोबर परदेशीं राहिली, तर तेथें जन्मलेल्या तिच्या मुलाला तिच्या नात्यानें भारताचा पासपोर्ट मिळत नसे. १९९२ सालींच संसदेनें या कलमांत बापाच्या जोडीला आईलाहि स्थान दिलें.

डाऊबाई पुढें बोट्स्वानाच्या उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या. ज्या न्यायासनापुढें त्या आपल्या मुलांसाठीं उभ्या राहिल्या होत्या, त्याच न्यायासनावर त्या बसल्या.