फाटलेला आवाज

2009 साली कोरीटचं आमचं जुनं घर पाडायला काढलं, तेव्हा माळ्यावरून एक लोखंडी पेटी खाली आली. राखाडी रंग, पुढे चार बटणं, मागे गंजलेली जाळी. उतरवायला दोन माणसं लागली. भंगारवाल्याने आतले ट्रान्सफॉर्मर बघितले, तांब्याचा अंदाज घेतला आणि पेटी काट्यावर टाकली. काचेला भाव नव्हता, म्हणून आतल्या नळ्या त्याने उपटून ओट्यावर ठेवल्या. आम्ही पोरांनी त्यातल्या दोन दगडाने फोडल्या. फुटताना मस्त फट् आवाज येतो. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो आणि पहिला दगड माझा होता.

उरलेल्या नळ्या आबांनी काही न बोलता उचलल्या आणि बोर्नव्हिटाच्या डब्यात कापूस घालून ठेवल्या. आबा म्हणजे माझे थोरले काका. सत्तरच्या दशकापासून पुढची पंधरा-वीस वर्षं आसपासच्या गावांतल्या लग्नांना, भजनी सप्त्यांना आणि निवडणुकीच्या सभांना त्यांचा भोंगा असायचा. सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते, घोड्यांचा मोठा बाजार असतो. तिथे भोंगा लावण्याचं काम मिळालं की ते वर्ष चांगलं गेलं असं समजायचं. अनेक ठिकाणी वीज नसायची. मग मोटारीची बॅटरी बैलगाडीत घालून न्यायची. बॅटरीचे 12 व्होल्ट नळ्यांना पुरत नाहीत, त्यांना काहीशे व्होल्ट लागतात. त्यासाठी पेटीत व्हायब्रेटर नावाचा एक भाग असे. तो सतत थरथरत बॅटरीचा प्रवाह तोडायचा-जोडायचा, आणि ट्रान्सफॉर्मर त्या तुटक प्रवाहाचा दाब वाढवायचा. आबा सांगतात, लग्नात गाणं थांबलं की पेटीतून भुंगा गुणगुणल्यासारखा आवाज यायचा.

बारा वर्षांनी, पुण्यात गिटार शिकत असताना, मी एका परदेशी कारागिराने हाताने बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा फोटो बघितला. मागची जाळी काढलेली, आत लालसर उजळलेल्या नळ्या. किंमत माझ्या वर्षाच्या पगाराच्या आसपास. फोटो मोठा करून नळीवरची अक्षरं वाचली: ईएल34. बोर्नव्हिटाच्या डब्यातल्या नळ्यांवरही तेच लिहिलेलं होतं.

तुमच्या फोनमध्ये गिटारचं एखादं अ‍ॅप असेल तर त्यात ‘ब्रिटिश’ नावाचा एक आवाज सापडेल. बटण दाबलं की सूर जाड होतो, कडेने थोडा खरखरतो, लांबतो. तो आवाज मुळात कुठून आला याची गोष्ट मला तेव्हापासून शोधावीशी वाटू लागली. ती जितकी लंडनची आहे तितकीच आमच्या ओट्याचीही आहे, असं माझं मत आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनकडे डॉलर नव्हते. 1951 ते 1959 या काळात तिथे अमेरिकी वाद्यांच्या आयातीवर बंदी होती. पोरांना अमेरिकेतल्या रेकॉर्डवरची गिटार ऐकू यायची, पण ती ज्या यंत्रातून वाजते ते यंत्र दुकानात नसायचं. मग जे मिळतं त्यातून करा. नळ्या देशातच बनत होत्या. ब्लॅकबर्नला मुलार्डचा प्रचंड कारखाना होता. आणि लष्करात रेडिओ, रडार शिकून आलेले तरुण गल्लोगल्ली दुरुस्तीची दुकानं टाकून बसले होते.

केंटमधल्या डार्टफर्डला टॉम जेनिंग्ज यांची वाद्यांची कंपनी होती. त्यांच्यासाठी डिक डेनी यांनी एक अ‍ॅम्प्लिफायर तयार केला आणि 1958 मध्ये तो व्हॉक्स एसी15 या नावाने बाजारात आला. त्यात दोन ईएल84 नळ्या. 1960 साली ‘द शॅडोज’चं ‘अपाचे’ गाजलं, त्यातली हँक मार्विनची गिटार याच एसी15 मधून वाजलेली आहे. पण शॅडोजच्या कार्यक्रमांत पोरी इतक्या किंचाळायच्या की 15 वॅटचं काही ऐकू जाईना. मग दोनच्या चार नळ्या झाल्या आणि एसी30 आला.

दुसरा माणूस जिम मार्शल. हा ड्रम शिकवणारा. पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलला त्याचं वाद्यांचं दुकान होतं. गिटारवाली पोरं दुकानात येऊन सांगायची, की फेंडरसारखा आवाज हवा, पण फेंडर परवडत नाही. बंदी उठली होती, पण किंमत उठवलेली नव्हती. मार्शलच्या दुकानात दुरुस्ती करणारा केन ब्रॅन आणि ईएमआय कंपनीत शिकाऊ असलेला डडली क्रेव्हन या दोघांनी अमेरिकी फेंडर बासमनची रचना समोर ठेवून 1962 मध्ये स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर जुळवला. तो जेटीएम45. सरळ नक्कल म्हणा. पण नळ्या, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर जवळ मिळतील ते वापरले, आणि त्यामुळे नक्कल मूळापेक्षा निराळी वाजू लागली. 1966 मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या बँडबरोबर रेकॉर्डिंग करताना असाच एक मार्शल पूर्ण आवाजावर ठेवला. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना ते चुकीचं वाटलं, कारण आवाज फाटत होता. क्लॅप्टनने तो तसाच ठेवला. पुढे मार्शलच्या मोठ्या पेट्यांत ईएल34 आल्या, आणि आपण ज्याला रॉकचा आवाज म्हणतो तो त्यांतून आला.

आता इकडे या. आपल्याकडेही परकीय चलन नव्हतं. आपल्याकडेही आयातीवर निर्बंध होते, उलट ब्रिटनपेक्षा कितीतरी अधिक काळ. आणि नळ्या आपल्याकडेही बनत होत्या. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी 1954 साली स्थापन झाली आणि 1961 पासून ती रेडिओच्या नळ्या बनवू लागली. ईसीसी83, ईएल84, ईएल34: व्हॉक्स-मार्शलच्या पेटीत जे बसायचं तेच. घराघरांतल्या व्हॉल्व्हच्या रेडिओत, टूरिंग टॉकीजच्या तंबूत, दिल्लीच्या अहुजासारख्या कंपन्यांच्या लाऊडस्पीकर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ही मंडळी शांतपणे तापत होती. दुरुस्ती करणारे हातही होतेच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला अख्खा बाजार, तालुक्याच्या गावाला निदान एक रेडिओवाला.

मग आपला मार्शल कुठे गेला? अगदीच नव्हता असंही नाही. साठच्या दशकात मुंबई-कोलकात्यात बीट बँडची लाट आली. सिगारेट कंपनीने भरवलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेच्या 1970 आणि 1971 च्या रेकॉर्ड आजही ऐकायला मिळतात. ही पोरं परदेशी माल कुठून आणणार? मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या साहेबाची गिटार विकत घ्यायची, नाहीतर ओळखीच्या कारागिराकडून सगळं घडवून घ्यायचं. 1972 साली लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या छोट्या क्लबात स्थानिक मुलांना साथीला घेऊन वाजवून गेले. त्यांचे मार्शल काही सोबत आले नव्हते. समोर जे यंत्र होतं त्यातूनच जिमी पेज वाजला. याचं मला भलतंच बरं वाटतं, कारण कुठेही विचारा, त्या आवाजाची चर्चा यंत्राच्या किमतीवर येऊन थांबते.

पण गावाकडे गिटार नव्हती आणि भोंगा होता. भोंग्याचं काम म्हणजे भजन दोन शेतं पलीकडे ऐकू गेलं पाहिजे आणि शब्द कळला पाहिजे. त्यात आवाज फाटला तर पाव्हणे हसायचे, पैसे कापले जायचे. म्हणजे लंडनमध्ये ज्या दोषाची शैली झाली, तो दोष टाळणं हीच आबांची रोजीरोटी होती.

हा फरक पेटीच्या आतही दिसतो, आणि तो मला फार आवडतो. नळीत एक तार तापते, तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात, मध्ये एक जाळी असते. माईकचा किंवा गिटारचा क्षीण इशारा त्या जाळीवर दिला की तो मोठ्या प्रवाहाला कमी-जास्त करतो. प्रमाणाबाहेर ताण दिला की लाटेचं टोक दबतं, गोलसर होतं. तेच ते फाटणं. ते होऊ नये म्हणून स्पीकरकडे निघालेल्या आवाजाचा थोडा हिस्सा एका तारेने आणि एका रेझिस्टरने मागे आणून उलटा मिसळतात. यंत्र स्वतःची चूक स्वतःच ऐकतं आणि दुरुस्त करतं. सभेच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हा लगाम घट्ट असतो. मार्शलमध्ये सैल. एसी30 मध्ये पूर्ण पेटीभर फिरणारा असा लगामच नाही.

बाकी भाग जवळपास तेच. ईएल34 ला ती बंगळुरूची की ब्लॅकबर्नची, भजनाची की ब्लूजची, याचं सोयरसुतक नाही.

गेल्या वर्षी सुरतच्या एका जुन्या बाजारात मला आमच्या पेटीची बहीण सापडली. सांगाडा आणि ट्रान्सफॉर्मर शाबूत, नळ्या गायब. नव्या नळ्या आज जगात मोजक्या ठिकाणी बनतात: रशिया, स्लोव्हाकिया, चीन. 2022 मध्ये युक्रेन युद्ध सुरू झालं आणि रशियाने निर्यात अडवल्याची बातमी आली, तेव्हा जगभरचे गिटारवाले घाबरून साठा करू लागले. पण आमच्याकडे डबा होता. मी पेटी कोरीटला नेली.

आबा आता सत्तरीच्या पुढे आहेत, हात कापतो. डाग द्यायचं काम माझं, सांगायचं काम त्यांचं. पहिल्या दिवशी मी दोन्ही हात पेटीत घातले तर ओरडले, “खिसामा ठेव एक हात!” नळीच्या पेटीत काहीशे व्होल्टचा दाब असतो, आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तो साठून राहतो. दोन्ही हात आत असले तर धक्का एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात जातो. म्हणून एक हात खिशात. त्या पिढीच्या सगळ्या कारागिरांचा हा नियम आणि आबांना तो कुणी पुस्तकातून शिकवलेला नव्हता. धुळ्याच्या ज्या मिस्त्रींकडे ते शिकले, त्यांनी काठीने हातावर मारून शिकवला होता. त्या मिस्त्रींची वही होती म्हणे, कुठल्या पायावर किती व्होल्ट यायला हवेत त्याची. वही कुठे आहे विचारलं तर आबांनी नुसता हात हलवला. आबांची स्वतःची वही आमच्या पेटीच्या आत, झाकणाला चिकटवलेली होती. ती पेटीबरोबरच काट्यावर गेली.

जुने कपॅसिटर बदलले. गिटारसाठी पुढची बाजू नव्याने जुळवली. मग मी त्या लगामाच्या तारेला कटर लावला.

“हाई तार तोडशी ते आवाज फाटी जाई,” आबा म्हणाले.

“तेच पाहिजे आबा.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मी फोनवर क्लॅप्टनचं ते रेकॉर्डिंग लावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, अर्धं गाणं झाल्यावर म्हणाले की यांचा स्पीकर गेलेला आहे. मी समजावायचा प्रयत्न केला. नाही पटलं. शेवटी तार तोडायची नाही, मध्ये एक खटका बसवायचा, असं ठरलं. खटका वर केला की भोंगा, खाली केला की गिटार. ही कल्पना त्यांची.

पेटी लावली. अर्धा मिनिट काही नाही, मग नळ्यांत केशरी रंग आला. खटका वर ठेवून आबांनी माईकवर नेहमीसारखं “हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग” केलं. त्यांचा आवाज गोठ्यापर्यंत स्वच्छ गेला. मग मी खटका खाली केला, गिटार जोडली आणि एक जाड सूर छेडला. आबा झटकन उठले, स्पीकरजवळ गेले आणि कागदाच्या कडेवरून बोट फिरवून कुठे चिरला आहे का ते बघू लागले.

कागद शाबूत होता. मात्र पेटीत 50 हर्ट्झची एक बारीक घरघर आहे, अर्थिंग कुठेतरी दोन ठिकाणी जोडलं गेलंय. दोन आठवडे झाले, अजून सापडलेलं नाही. आबांचं म्हणणं आहे की डाग मी कच्चा दिला.