क्लब गेला, चाहते राहिले

विम्बल्डन म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर टेनिसचे हिरवेगार कोर्ट येते. लंडनच्या नैऋत्येकडील याच उपनगरात १८८९ पासून एक फुटबॉल क्लबही होता. खरा फुटबॉलचाहता कोणाला म्हणायचे, या जुन्या वादात त्या क्लबाच्या इतिहासाइतका बोलका पुरावा मला दुसरा दिसत नाही. या वादात सगळ्यात आधी पुढे येणारी कसोटी निष्ठेची असते: संघ हरो की जिंको, जो साथ सोडत नाही तो खरा. २००२ साली विम्बल्डनच्या हजारो चाहत्यांनी आपल्या क्लबाची साथ सोडली. सामन्यांवर बहिष्कार टाकला, तिकिटे घेणे बंद केले आणि दुसराच संघ उभा केला. या कसोटीने मोजले तर ते सगळे बेइमान ठरतात. प्रत्यक्षात त्यांच्याइतके कडवे चाहते इंग्लंडमध्येही शोधून सापडायचे नाहीत. तेव्हा खोट कसोटीतच असली पाहिजे. चाहत्याचे नाते क्लबाच्या कागदोपत्री अस्तित्वाशी नसते, क्लबाभोवती जमणाऱ्या माणसांशी आणि त्यांच्या जागेशी असते, आणि त्या नात्याची जबाबदारी तो अंगावर घेतो तेव्हाच ते खरे ठरते, असे माझे म्हणणे आहे.

या क्लबाचे घर १९१२ पासून प्लाऊ लेन. साधेसुधे, आटोपशीर मैदान. १९७७ पर्यंत विम्बल्डनला फुटबॉल लीगमध्ये प्रवेशसुद्धा नव्हता. तिथून अवघ्या नऊ वर्षांत, १९८६ मध्ये, हा संघ सर्वोच्च श्रेणीत जाऊन बसला आणि १४ मे १९८८ रोजी वेम्बलीवर एफ.ए. कपच्या अंतिम सामन्यात त्याने त्या काळच्या बलाढ्य लिव्हरपूलला १-० असे हरवले. लॉरी सांचेझने हेडरने गोल केला, आणि जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी गोलरक्षक डेव्ह बेझंटने अडवली. वेम्बलीवरील एफ.ए. कपच्या अंतिम सामन्यात पेनल्टी अडवली जाण्याची ती पहिलीच वेळ. पण या वैभवाला पायाच नव्हता. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेत लिव्हरपूलच्या ९७ चाहत्यांचा जीव गेला. त्यानंतर आलेल्या टेलर अहवालाने मोठ्या क्लबांच्या मैदानांत प्रत्येक प्रेक्षकाला बसायला जागा हवी असा आग्रह धरला. प्लाऊ लेन त्यात बसणारे नव्हते. १९९१ मध्ये क्लब क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर भाडेकरू म्हणून गेला. ही तात्पुरती सोय म्हणून सांगितली गेली, पण त्या घरी क्लब पुन्हा परतला नाही. मधल्या काळात मालकाने प्लाऊ लेनची जागा एका सुपरमार्केट कंपनीला विकली, आणि पुढे तिथे सदनिका उभ्या राहिल्या.

घर नसलेला क्लब हलवायला सोपा असतो. आधी तो डब्लिनला न्यायची भाषा झाली. मग ऑगस्ट २००१ मध्ये मिल्टन कीन्सला जाण्याची घोषणा झाली. हे लंडनपासून दूर उत्तरेला १९६७ नंतर आखून वसवलेले शहर. त्याला लीगमधला क्लब हवा होता आणि विम्बल्डनच्या मालकांना मैदान हवे होते. लीगने आधी नकार दिला, मग लवाद झाला, आणि शेवटी प्रकरण फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या तीन जणांच्या आयोगापुढे आले. २८ मे २००२ रोजी दोन विरुद्ध एक मताने परवानगी मिळाली. चाहत्यांनी आपला वेगळा क्लब काढून तळापासून सुरुवात करणे हे फुटबॉलच्या व्यापक हिताचे नाही, असा अभिप्रायही आयोगाने देऊन ठेवला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट हीच. क्लब नेण्याचा निर्णय निदान पैशाच्या अडचणीतून आला होता. या अभिप्रायाला तसला काहीच आधार नव्हता. चाहता म्हणजे गिऱ्हाईक, दुकान हलले की त्याने मागोमाग जावे नाहीतर घरी बसावे, एवढीच समजूत त्यामागे होती.

निर्णयानंतर दोनच दिवसांनी, ३० मे रोजी, चाहत्यांनी सभा घेऊन ए.एफ.सी. विम्बल्डनची स्थापना केली. खेळाडू नव्हते, म्हणून २९ जूनला विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या माळावर खुली निवड चाचणी ठेवली. २३० जण आले. १० जुलैला सटन युनायटेडच्या मैदानावर पहिला मैत्रीपूर्ण सामना झाला. लोक आत येतच राहिले म्हणून तो उशिरा सुरू करावा लागला. ४,६५७ माणसे होती. संघ ०-४ ने हरला, आणि शेवटची शिट्टी वाजताच लोक कप जिंकल्यासारखे मैदानात धावले. नव्या क्लबाला जागा मिळाली ती थेट नवव्या पातळीच्या कम्बाइंड काउंटीज लीगमध्ये, जिथे बऱ्याच सामन्यांना शेदोनशे माणसे जमली तरी पुष्कळ. तिथे विम्बल्डनच्या घरच्या सामन्यांना सरासरी तीन हजारांच्या आसपास लोक येऊ लागले. त्याच हंगामात जुना क्लब त्यांच्याहून सात पातळ्या वर, सेलहर्स्ट पार्कवर खेळत होता. ऑक्टोबर २००२ मध्ये रॉदरहॅमविरुद्धच्या त्याच्या सामन्याला तिकीट काढून आलेली माणसे होती ८४९.

इथे कोणी म्हणेल की ही भावनेची गोष्ट झाली, हिशेबाचे काय? मालकांना दरवर्षी तोटा होत होता, मैदान नव्हते, क्लब बुडणारच होता. हा आक्षेप खोटा नाही. पण तोटा होत होता म्हणजे क्लबावर मालकाचाच हक्क उरतो असे होत नाही. आणि स्थलांतराने क्लब वाचलाही नाही. २००३ च्या जूनमध्ये तो दिवाळखोरीच्या प्रशासकांकडे गेला, सप्टेंबरमध्ये मिल्टन कीन्सला हलला आणि २००४ मध्ये विम्बल्डन हे नावही टाकून ‘एम.के. डॉन्स’ झाला. इकडे चाहत्यांचा क्लब पायरी पायरीने वर चढत होता. फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ या काळात लीगमधले सलग ७८ सामने तो हरला नाही. मे २०११ मध्ये मँचेस्टरला ल्यूटन टाउनविरुद्ध पेनल्टी शूटआउट जिंकून तो फुटबॉल लीगमध्ये आला. मात्र माझ्या म्हणण्याचा पुरावा म्हणून मी हे यश धरत नाही. क्लब आजही नवव्या पातळीवर चाचपडत असता तरी सटनच्या त्या संध्याकाळची किंमत कमी झाली नसती. यशाने चाहते खरे ठरत असतील, तर मग विजेत्यामागे धावणारा प्रत्येक जण खराच म्हणावा लागेल.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. मिल्टन कीन्समध्ये २००३ नंतर वाढलेल्या मुलांचे काय? त्यांनी कोणाचा क्लब पळवला नाही. वडिलांचा हात धरून ती मैदानात गेली, हरणे-जिंकणे शिकली. त्यांना खोटे चाहते म्हणणे हा अन्याय आहे, आणि विम्बल्डनकडून बोलणारे अनेक जण तो करतात. आपल्याकडे कोल्हापुरात पेठेच्या तालमीचा संघ असतो. तो उद्या कोणी उचलून दुसऱ्या शहरात नेला, तर तिथे त्यासाठी टाळ्या वाजवणारी मुले दोषी ठरत नाहीत, पण पेठेची तालीमही त्यांची होत नाही. मिल्टन कीन्सच्या क्लबाने अखेर हे मान्य केले. जुन्या विम्बल्डनच्या इतिहासावरचा दावा त्याने सोडला आणि १९८८ च्या कपची प्रतिकृती व इतर स्मृतिचिन्हे २००७ मध्ये विम्बल्डन ज्या मर्टन भागात येते तिथल्या पालिकेकडे सुपूर्द केली. डिसेंबर २०१२ मध्ये एफ.ए. कपच्या निमित्ताने दोन्ही संघ प्रथमच समोरासमोर आले तेव्हा विम्बल्डनच्या चाहत्यांत उभी फूट पडली होती. काही जण मिल्टन कीन्सच्या मैदानात पाऊल ठेवणार नाही म्हणून घरी बसले, काही जण आपल्या संघाला एकटे कसे सोडायचे म्हणून गेले. सामना मिल्टन कीन्सने २-१ ने जिंकला. गेले ते आणि न गेले ते, दोन्ही माझ्या लेखी सारखेच खरे, कारण क्लबाचे आपण काही देणे लागतो हे दोघांनीही गृहीत धरले होते.

जागेवर इतका भर दिला तर रात्री जागून इंग्लंडचे सामने पाहणारी पुण्या-सांगलीची पोरे बाद होतात का? होत नाहीत. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये राहणारे कादंबरीकार जॉन ग्रीन ए.एफ.सी. विम्बल्डनच्या प्रेमात पडले ते फुटबॉलच्या व्हिडिओ गेममधून. गेम खेळत केलेल्या व्हिडिओंच्या जाहिरातींचे पैसे ते क्लबाला देत राहिले, आणि क्लबाच्या तेव्हाच्या किंग्समेडो मैदानावरच्या एका स्टँडला त्यांचे नाव लागले. दूरच्या माणसालाही त्या मातीशी व्यवहार ठेवता येतो. ज्याला संघ फक्त पडद्यावर दिसतो आणि त्या मैदानाबाहेर कोण राहते, तिकीट किती महागले, क्लब कोणी विकायला काढला याचे सोयरसुतक नसते, तो खेळाचा रसिक आहे. रसिक असण्यात काही कमी नाही, पण चाहता वेगळा.

चाहत्यांच्या क्लबाची मालकी ‘डॉन्स ट्रस्ट’कडे आहे, आणि तिथे एका सभासदाला एकच मत असते, मग त्याने कितीही पैसे घातलेले असोत. प्लाऊ लेनला परतण्यासाठी त्यांनी जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींच्या जुन्या स्टेडियमच्या जागी, नवे मैदान बांधले. पैसे कमी पडले तेव्हा सभासदांनी रोखे काढून लाखो पौंड उभे केले. ३ नोव्हेंबर २०२० रोजी तिथे पहिला सामना झाला, डॉनकास्टर रोव्हर्सशी २-२ बरोबरी, आणि कोविडमुळे एकाही चाहत्याला आत जाता आले नाही.

आता या गौरवगाथेतली सर्वांत बोचरी बाजू. मधली वर्षे ए.एफ.सी. विम्बल्डन ज्या किंग्समेडोवर खेळला, ते मैदान किंग्स्टोनियन या १८८५ च्या क्लबाने १९८९ मध्ये स्वतःसाठी उभारले होते. किंग्स्टोनियन आर्थिक संकटात सापडला, मैदान त्याच्या हातून गेले आणि २००३ मध्ये विम्बल्डनच्या चाहत्यांनी ते विकत घेतले. मूळ मालक आता भाडेकरू झाला. पुढे स्वतःच्या घरासाठी पैसे हवेत म्हणून विम्बल्डनने किंग्समेडो चेल्सीला विकले, आणि २०१७ मध्ये किंग्स्टोनियनला दुसऱ्या गावात आसरा शोधावा लागला. मालक कोणी धनाढ्य उद्योगपती असता तर चाहत्यांनी हात झटकले असते. इथे ती सोय नाही. क्लब त्यांचा, मत त्यांचे, म्हणून किंग्स्टोनियनच्या चाहत्यांच्या प्रश्नालाही त्यांनीच उत्तर द्यायला हवे.