सांस्कृतिक जाळणी (क्लॅमथ खोरे)

उत्तर कॅलिफोर्नियातील युरोक, कारूक, हूपा इ. आदिवासी जमातींची, नेमक्या जागी व हंगामात मंद आग लावून रान राखण्याची परंपरागत पद्धत. पूर्वी किती क्षेत्र दर किती वर्षांनी जाळले जाई, याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत.

हेझल हे या पद्धतीतील सर्वांत महत्त्वाचे झुडूप. जून फांद्या वेड्यावाकड्या असल्याने विणकामास निरुपयोगी ठरतात. झुडूप जमिनीलगत जळाले की बुडख्यातून सरळसोट, बिनफाट्याचे कोंब फुटतात. ते वसंतात रस चढलेला असताना तोडतात, कारण तेव्हा साल अखंड सुटते. तान्ह्या मुलाला ठेवण्याची पाटी याच काड्यांची विणतात. टॅनओक या वृक्षाखालील जाळाने गळालेल्या फळांतील किडीच्या अळ्या मरतात.

पथक व नायक : नायक वारा, उतार व पाचोळ्याची ओल पाहून दिवस ठरवतो. प्रथम जाळरेषा माती उघडी पडेपर्यंत खरवडतात. आग सहसा चढाच्या माथ्याकडून लावून उताराने हळूहळू खाली सरकू देतात; खालून लावलेली आग धावत सुटते. पेटवण्यास ड्रिप टॉर्च (पेटते इंधन ठिबकवणारी मशाल), क्वचित दवण्याच्या कुळातील वर्मवुडची जुडी वापरतात. शेवटी धुमसते बुंधे उकरून विझवले जातात. युरोक प्रदेशात कल्चरल फायर मॅनेजमेंट कौन्सिल ही संस्था (सहसंस्थापक मार्गो रॉबिन्स) अशी पथके तयार करते.

कायदा : कॅलिफोर्नियाच्या १८५० च्या कायद्याने आदिवासींनी गवताळ रान पेटवणे दंडनीय ठरले. १९११ च्या वीक्स कायद्यानंतर संघराज्याचे वनखाते आग समूळ विझवण्याच्या धोरणाकडे वळले. २०२१ मध्ये राज्याने ‘सांस्कृतिक अग्निकर्मी’ ही संज्ञा कायद्यात आणली; त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने, अटी पाळून केलेली जाळणी हाताबाहेर गेल्यास घोर निष्काळजीपणाखेरीज आग विझवण्याचा सरकारी खर्च नायकाच्या माथी येत नाही. तोवर विम्याअभावी नायकी पत्करणे अवघडच होते. २०२४ च्या कायद्याने जमातींना राज्याशी करार करून नेहमीच्या परवान्यांशिवाय जाळणी करता येते. पहिला करार २०२५ मध्ये कारूक जमातीशी झाला.

विधी : जाळणीस प्रार्थनेची जोड असते.

पुनरुज्जीवन : आग थांबल्यावर ओकच्या राया व गवताळ माळ डग्लस फरने व्यापले. फर तोडून, वाळवून, मग जाळणी करतात. सप्टेंबर २०२० च्या स्लेटर वणव्यात कारूक प्रदेशातील हॅपी कॅम्प परिसरात सु. २०० घरे जळाली. त्यानंतर जमातीने जाळणीच्या अधिकाराची मागणी अधिक जोराने लावून धरली.